रात्रीच्या रेडिओवर गाणं माणसानेच निवडावं

स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख भरली होती. एवढ्या छोट्या देशातले कलाकार अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर किती वेळा जाऊन आले, ते पाहा. १९६७ मध्ये लुलू, १९७५ मध्ये ॲव्हरेज व्हाइट बँड, १९७६ मध्ये बे सिटी रोलर्स, १९८१ मध्ये शीना ईस्टन, १९८५ मध्ये सिंपल माइंड्स. क्रमांक बाजूला ठेवून यात ॲनी लेनॉक्स, प्रोक्लेमर्स, बेल अँड सबॅस्टियन, फ्रांझ फर्डिनांड, चर्चेस, लुइस कपाल्डी धरले तर यादी अजून लांबते. आणि ही फक्त देशाबाहेर पोचलेली नावं. देशातल्या देशात ज्यांच्यावर जीव टाकला जातो, अशी याच्या कितीतरी पट आहेत.

ही गाणी लोकांपर्यंत पोचवली ती मुख्यतः रेडिओने, आणि त्यातही रात्रीच्या रेडिओने. कुणीतरी एक माणूस मायक्रोफोनपुढे बसून स्वतःच्या आवडीने गाणं लावतो, ते का लावलं ते दोन वाक्यांत सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्या आवडीत ओढतो. २०२५ च्या अखेरीस बीबीसी रेडिओ स्कॉटलंडने रात्री उशिराचे, निवेदकाच्या निवडीवर चालणारे काही संगीत-कार्यक्रम बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या संगीतक्षेत्रातून जोरदार विरोध झाला तो यामुळेच. प्रश्न दोन-चार निवेदकांच्या नोकरीपुरता नव्हता. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओने स्वतःच्या देशाचं गाणं जाणकाराच्या हाती द्यायचं, की परिचित गाण्यांच्या सुरक्षित रांगेच्या हवाली करायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे. असे तास वाचवले पाहिजेत. मध्यरात्रीनंतर ढकललेले असतील तर पुढे आणले पाहिजेत. मात्र ते हातात असलेल्या निवेदकानेही ते नीट मेहनत करून वाजवले पाहिजेत. या तिसऱ्या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे तिच्यावर जास्त लिहितो आहे.

आधी थोडा इतिहास, कारण आज 'लोकांना हवं तेच देतो' असं म्हणणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. १९६५ च्या शेवटच्या रात्री, म्हणजे स्कॉटलंडमध्ये ज्या रात्रीचं महत्त्व आपल्याकडच्या दिवाळीएवढं, 'कॉमेट' नावाच्या एका जुन्या दीपनौकेवरून (समुद्रात दीपगृहाचं काम करणाऱ्या बोटीवरून) 'रेडिओ स्कॉटलंड' नावाचं बिनपरवाना केंद्र सुरू झालं. नौकेला स्वतःचं इंजिन नव्हतं, ती ओढून न्यावी लागे. मध्यम लहरीवर २४२ मीटरवर ते ऐकू येई. ऑगस्ट १९६७ मध्ये नव्या कायद्याने समुद्रावरची अशी केंद्रं बंद पाडली, तोवर दीडेक वर्ष ते चाललं. थंडी, वादळ, गंजका पत्रा, सगळं सोसून लोकांनी ते चालवलं आणि लोकांनी ते ऐकलं, कारण लंडनहून येणाऱ्या कार्यक्रमांत त्यांना स्वतःचा आवाज सापडत नव्हता. परवाना असलेलं पहिलं स्कॉटिश व्यापारी केंद्र, ग्लासगोचं रेडिओ क्लाइड, पुन्हा वर्षाच्या शेवटच्याच दिवशी, १९७३ मध्ये सुरू झालं. बीबीसी रेडिओ स्कॉटलंड त्यानंतर १९७८ च्या नोव्हेंबरात आलं. मागणी आधी होती, केंद्रं मागून आली.

आणि तरीही कितीतरी वर्षं ग्लासगोच्या पोरांचं नशीब लंडनमध्येच ठरायचं. १९८० मध्ये ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका घरातून पोस्टकार्ड रेकॉर्ड्स ही चिमुकली कंपनी चालायची. ढोल वाजवणारं मांजर हे तिचं चिन्ह. ऑरेंज ज्यूस या बँडची तिची पहिली तबकडी निघाली ती हजाराच्या आतबाहेर प्रतींची. हजार प्रती म्हणजे एका शहरातली चार-पाच दुकानं. ती चार-पाच दुकानं ओलांडून गाणं पुढे जायचं तर रात्री रेडिओवर ते कुणीतरी लावायला हवं. १९६७ पासून २००४ मध्ये अचानक मृत्यू येईपर्यंत बीबीसी रेडिओ १ वर जॉन पीलने हे काम केलं. तो स्कॉटिश नव्हता. पण ऑल्टर्ड इमेजेस, ग्रेंजमाउथचे कॉक्टो ट्विन्स, ईस्ट किलब्राइडचे जीझस अँड मेरी चेन अशी किती नावं त्याच्या कार्यक्रमातून ब्रिटनभर गेली. बेल अँड सबॅस्टियनचंच पाहा. त्यांचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क' १९९६ मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाला. इलेक्ट्रिक हनी हे त्या कॉलेजचंच लेबल. छापल्या फक्त १,००० तबकड्या. सीडी नाही, जाहिरात नाही. रेडिओ १ वरच्या रात्रीच्या कार्यक्रमांत ती गाणी वाजली आणि तीन वर्षांनी तो अल्बम पुन्हा छापावा लागला. तोवर जुन्या प्रतीसाठी लोक शेकडो पौंड मोजत होते.

आता रात्रीचा तास जेव्हा जाणकाराकडून काढून घेतला जातो, तेव्हा त्या जागी नेमकं काय येतं, ते आकडे मांडून बघू. बहुतेक केंद्रांत गाण्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर असतं. समजा त्यात ३०० गाणी भरली आहेत आणि तासाला १४ वाजतात. दिवसाला झाली ३३६ वादनं. म्हणजे प्रत्येक गाणं सरासरी दिवसातून एकदा वाजणार. प्रत्यक्षात सगळी सारखी वाजत नाहीत. त्यातल्या ३० ताज्या लोकप्रिय गाण्यांना तासाच्या १४ पैकी ५ जागा दिल्या, की दिवसाला १२० वादनं त्यांची, म्हणजे प्रत्येक गाणं चार वेळा, दर सहा तासांनी. उरलेल्या २७० गाण्यांना उरतात २१६ जागा. पाच-सहा गाण्यांमागे एक स्कॉटिश असलं तरी ती तीच चार-दोन वर्षानुवर्षं गाजलेली. सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. एकाच गायकाची दोन गाणी जवळजवळ येऊ नयेत, दोन संथ गाणी पाठोपाठ येऊ नयेत, एवढं ते फार चोख सांभाळतं. अडचण आहे ती ३०० च्या यादीत शिरायच्या दरवाजाशी.

कारण यादीत काय ठेवायचं ते पुष्कळदा श्रोत्यांना गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवून ठरवलं जातं. ओळखता का, आवडतं का, कंटाळा आला का, असे प्रश्न. ज्या गाण्याचा तुकडा आधी कधी ऐकलाच नाही, त्याला या परीक्षेत गुण मिळतील कसे? ही चाचणी आवड मोजत असल्याचा दावा करते, मोजते मात्र ओळख. आणि ओळख रेडिओवर वाजल्याशिवाय होत नाही. इथे चाक रुततं ते रुततंच. समजा डंडी शहरातल्या एखाद्या नव्या मुलीचं गाणं आहे, ते कितीही सुरेल असलं तरी या वाटेने ते कधीही आत येणार नाही. मुंबई-पुण्याच्या खासगी एफएमवर मराठी गाणं कमी का वाजतं, ही आपली जुनी तक्रार. तिला मिळणारं 'श्रोत्यांची मागणी नाही' हे उत्तरही याच चक्रातून निघालेलं असतं.

मग माणूस काय वेगळं करतो? एकच उदाहरण जवळून पाहू.

प्रोक्लेमर्स म्हणजे क्रेग आणि चार्ली रीड हे जुळे भाऊ. स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या ऑख्तरमुख्टी गावचे. १९८७ मध्ये त्यांचं 'लेटर फ्रॉम अमेरिका' ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. देश सोडून अमेरिकेला गेलेल्या जुन्या स्कॉटिश माणसांचं हे गाणं पुढे १९८० च्या दशकात बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांची नावं घेतं. त्यातलं एक लिनवुड. तिथला मोटार कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. दुसरं बाथगेट, जिथला ट्रकचा कारखाना १९८६ मध्ये गेला. गिरणगाव ज्याने पाहिलं आहे, १९८२ चा संप ज्याच्या घरात शिरला होता, त्या मराठी माणसाला हे गाणं समजवायला भाषांतर लागत नाही.

निवेदकाने इथे वीस सेकंदांत एवढंच सांगायचं: लिनवुड कुठे, तिथे काय बनायचं, कधी थांबलं. मग गाणं. या गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं आहेत, एक नुसत्या गिटारवरचं साधं आणि एक पूर्ण बँडचं. गाजलं ते दुसरं. केंद्राच्या संग्रहात दोन्ही एकाच नावाने ठेवलेली असतात आणि घाईत नेमकं चुकीचं उचललं जातं. म्हणून कार्यक्रमाआधी प्रत्येक फाइलचे पहिले दहा आणि शेवटचे दहा सेकंद कानाने ऐकायचे. नाव वाचून भरवसा ठेवायचा नाही.

बँडच्या त्या ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीत गेरी रॅफर्टी होता. तो ग्लासगोजवळच्या पेझली गावचा, आणि लिनवुड पेझलीला लागूनच. आता पुढचं गाणं निवेदकाच्या हाती आपोआप येतं: रॅफर्टीचंच १९७८ चं 'बेकर स्ट्रीट'. अल्बमवर ते सहा मिनिटांचं आहे, तबकडीसाठी कापलेलं चार मिनिटांचं. रात्रीच्या तासात सहा मिनिटांचंच लावावं. सॅक्सोफोनचा तो प्रसिद्ध सूर सगळ्यांना पाठ असतो, पण गाण्यातला माणूस किती थकलेला आहे ते पूर्ण ऐकल्यावरच कळतं. त्यानंतर पाओलो नुतिनी. तोही पेझलीचा. त्याचं घराणं इटलीतल्या टस्कनीमधलं, पेझलीत त्यांचं मासे-बटाट्याचं दुकान. म्हणजे पहिल्या गाण्यात माणसं देश सोडून जातात आणि तिसऱ्या गाण्याचा गायक बाहेरून येऊन त्याच गावात रुजलेल्या कुटुंबातला. चौदा-पंधरा मिनिटांत ऐकणाऱ्यासमोर एक गाव उभं राहतं. सॉफ्टवेअरच्या हिशेबात ही तीन गाणी १९८७, १९७८ आणि २००६ अशा तीन वेगळ्या कप्प्यांतली आहेत. तिथे ती एकमेकांना कधी भेटणार नाहीत.

अशी जुळणी करायची तर तासाचा हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो. ६० मिनिटांतून बातम्यांची ३ आणि केंद्राच्या घोषणांचं १ वजा केलं की ५६ उरतात. सरासरी ३ मिनिटं ४० सेकंदांची १३ गाणी म्हणजे ४७ मिनिटं ४० सेकंद. बोलायला उरली ८ मिनिटं २० सेकंद. १४ ठिकाणी बोलायचं तर प्रत्येकी पस्तीस सेकंद. कुठे वीस पुरतील, कुठे साठ लागतील, पण बेरीज हीच. 'बेकर स्ट्रीट'सारखं सहा मिनिटांचं एक घेतलं, तर दुसरीकडे अडीच मिनिटांची दोन घ्यावी लागतात. सुदैवाने ग्लासगोच्या गिटार-बँडना अडीच मिनिटांत आटपायची सवय जुनी आहे.

१३ गाण्यांत सगळी अनोळखी ठेवली तर नवा श्रोता पंधराव्या मिनिटाला उठून जातो. सगळी ओळखीची ठेवली तर तो तास त्या सॉफ्टवेअरलाच द्यावा. माझ्या मते चार सर्वांना माहीत असलेली, पाच अर्धवट आठवणारी किंवा विसरलेली आणि चार गेल्या वर्षभरातली नवी. नवं गाणं नेहमी ओळखीच्या दोन गाण्यांच्या मधे बसवावं. एकाला लागून दुसरं नवं ठेवू नये. नव्या गायकाचं नाव गाण्याआधी एकदा आणि गाण्यानंतर पुन्हा एकदा सांगावं. नंतरचं जास्त महत्त्वाचं, कारण गाणं आवडल्यावरच ऐकणारा नाव शोधतो. पुष्कळ निवेदक दोन-तीन गाणी सलग वाजवतात आणि मागून एका दमात तिन्ही नावं सांगतात. गाडी चालवणाऱ्याला त्यातलं एकही लक्षात राहत नाही.

नावांचे उच्चार हा स्वतंत्र अभ्यास. मिल्नगेव्ही असं जे लिहिलेलं दिसतं, ते गाव बोलताना 'मल्गाय'. कर्कॉडीच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, पण तो उच्चारत नाहीत. ऑख्तरमुख्टीतला 'ख' घशातून घासून काढायचा असतो. इंग्रज निवेदक तिथे 'क' म्हणतात आणि स्कॉटिश श्रोत्याचं मन तिथेच उठतं. मराठी जिभेला तो आपल्या 'ख'मुळे तुलनेने सोपा जातो, एवढी सोय आपल्याला आहे. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतल्या नावांत तर अक्षरं आणि आवाज यांचं नातंच वेगळं. 'एमएच' दिसलं की 'व', म्हणून म्हाइरी वाटणारी गायिका प्रत्यक्षात 'वारी'. कलाकाराकडूनच उच्चार विचारून तो कागदावर लिहून घ्यावा. रनरिग हा स्काय बेटावरचा बँड. त्यांचं गेलिक गाणं १९९५ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या वीसात गेलं. गेलिकमधलं तसं ते पहिलंच. त्याच्या नावाचा अर्थ 'सर्वांत उंचावरचं सफरचंद'. अर्थ सांगितला की भाषा न कळणाराही ऐकायला थांबतो.

तांत्रिक बाजूकडे आवडीने कार्यक्रम करणारी माणसं हमखास दुर्लक्ष करतात. १९८० च्या दशकातली सीडी आणि २०१० नंतरचं ध्वनिमुद्रण यांच्या आवाजात सात-आठ डेसिबलचा फरक सहज असतो. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, एकाच जागी ठेवून ही दोन पाठोपाठ लावली, तर ब्लू नाइल या बँडचं हळुवार गाणं कुजबुजतं आणि त्यामागून आलेला चर्चेसचा सिंथेसायझर कानावर आदळतो. आवाज आपोआप सारखा करणारा केंद्राचा प्रोसेसर हे सावरेल असं समजू नये. तो हळुवार गाण्यातली खरखरसुद्धा वर उचलतो. सगळ्या फाइली आधीच एका पातळीवर आणाव्यात. युरोपीय प्रसारणाचं प्रमाण उणे २३ एलयूएफएसचं (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आहे. बोलण्याचा आवाज संगीताच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावा. दुसरी चूक हलक्या दर्जाच्या एमपी३ ची. १२८ केबीपीएसची फाइल डिजिटल प्रसारणात पुन्हा एकदा आक्रसली जाते आणि झांजांच्या जागी नुसती फसफस ऐकू येते. नव्या बँडकडून न आक्रसलेली वेव्ह फाइलच मागावी. ती देणं त्यांना काहीच जड नाही.

जुनी तबकडी वाजवायची तर सात इंची बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांची, बारा इंची अल्बम ३३⅓ चा. सुई पहिल्या सुरावर टेकवून तबकडी थोडी उलटी फिरवून ठेवायची, म्हणजे पूर्ण वेग पकडेपर्यंत सूर सुरू होत नाही. उलटी फिरवायला विसरलं की गाण्याची पहिली अक्षरं जांभई दिल्यासारखी ताणली जातात.

शिव्यांचंही पाहावं लागतं. ब्रिटिश टीव्हीवर रात्री नऊची सीमारेषा आहे, तशी रेडिओला नाही. मुलं ऐकत असण्याची दाट शक्यता असेल तेव्हा जपावं, असा ऑफकॉम या ब्रिटिश प्रसारण-नियामक संस्थेचा नियम. अरब स्ट्रॅपसारख्या बँडचं गाणं सकाळी शाळेच्या वेळेत लावायचं नसतं. रात्री दहाला लावता येतं, आधी सूचना देऊन. रात्रीचा तास हवा असण्याचं हेही एक साधं कारण. स्कॉटिश माणूस गाण्यात ज्या भाषेत बोलतो, ती दिवसाच्या वेळेत नेहमी मावत नाही.

आता कोट्याबद्दल. 'स्कॉटिश गाणी अमुक टक्के वाजवा असा नियमच करा' ही मागणी वरचेवर होते. तिच्यामागची कळकळ खरी आहे, पण मला ती पटत नाही. कॅनडात व्यापारी केंद्रांना लोकप्रिय संगीतात ३५ टक्के कॅनेडियन गाणी वाजवावी लागतात. केंद्रांनी ती रात्री-पहाटे ढकलायला सुरुवात केली, म्हणून दिवसाच्या वेळेसाठी वेगळी अट घालावी लागली. फ्रान्समध्ये १९९६ पासून फ्रेंच गाण्यांचा कोटा आला. केंद्रांनी तीच ती दहा गाणी घासून टक्केवारी भरली. शेवटी २०१६ मध्ये नियम करावा लागला की दहा गाण्यांचीच वादनं फ्रेंच वादनांच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची धरली जाणार नाहीत. कोटा पळवाटा शिकवतो आणि गाण्याचं प्रेम त्यातून सुटून जातं.

शिवाय स्कॉटिश कुणाला म्हणायचं? गार्बेज या बँडची गायिका शर्ली मॅनसन एडिंबराची, बाकी बँड अमेरिकन. एसी/डीसी या रॉक बँडचे यंग बंधू ग्लासगोत जन्मले, वाढले ऑस्ट्रेलियात. टॉकिंग हेड्स बँडचा गायक डेव्हिड बर्न स्कॉटलंडमधल्या डंबार्टनचा, पण बालपणीच अटलांटिक ओलांडून गेलेला. कॅनडात तर १९९१ मध्ये त्यांच्याच ब्रायन ॲडम्स या गायकाचा अल्बम सहलेखक परदेशी म्हणून कॅनेडियन ठरला नाही. जन्मदाखले तपासायचं काम रेडिओने करू नये. पोस्टकार्ड रेकॉर्ड्सने स्वतःला 'तरुण स्कॉटलंडचा आवाज' म्हणवून घेतलं आणि त्याच छत्राखाली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या गो-बिट्वीन्सची तबकडीही काढली. ऑरेंज ज्यूसची पोरं न्यूयॉर्कच्या शीक बँडच्या गिटारवर फिदा होती. ती गिटार शेजारी वाजवली तरच त्यांचं गाणं नीट कळतं. तेरातली दोन-तीन गाणी बाहेरची असावीत, असं मी म्हणेन ते यासाठी. फक्त टार्टन (स्कॉटिश चौकटीचं कापड) आणि बॅगपाइपचा तास केला तर यंग फादर्स त्यात कुठे बसणार? एडिंबराच्या या त्रिकुटातल्या एकाचं मूळ लायबेरियाचं, एकाचं नायजेरियाचं. ब्रिटनमधला वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीचा २०१४ चा मर्क्युरी पुरस्कार त्यांनी घेतला.

टक्केवारीऐवजी मागायचे असतील तर तास मागावेत, आणि ते परवान्याच्या अटीत लिहून घ्यावेत. आठवड्यातून किमान चार रात्री, आठ ते दहा किंवा नऊ ते अकरा. निवड निवेदकाची, त्याचं नाव जाहीर. वेळ वर्षभर न बदलणारी. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न आठवडे चाललं, तेव्हा घराघरांत त्या वेळेला कामं आवरलेली असत. ठरलेल्या वेळेची ही ताकद आजही गेलेली नाही. 'नंतर ॲपवर ऐका' हा उपाय ज्याला काय ऐकायचं ते आधीच माहीत आहे, त्याच्यापुरता आहे. स्वयंपाकघरात भांडी घासताना अचानक कानावर पडलेलं गाणं ॲप देत नाही.

'रात्री ऐकणारे थोडे, खर्च परवडत नाही' हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण अशा कार्यक्रमाला लागतो एक निवेदक, एक निर्माता आणि एक छोटा स्टुडिओ. टीव्हीच्या एका तासापुढे हा खर्च किरकोळ आहे. फायदाही मोजता येतो. ब्रिटनमध्ये गाणं रेडिओवर वाजलं की गीतकार-संगीतकाराचे पैसे पीआरएस या संस्थेमार्फत आणि गायक-वादक व ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे पीपीएल या संस्थेमार्फत जातात. मोठ्या केंद्रावरचं एक वादन नव्या बँडला कित्येक हजार वेळा स्ट्रीम झाल्याच्या तोडीचं पडू शकतं. पण त्यासाठी वाजवलेल्या गाण्यांची यादी अचूक जायला हवी: गाण्याचं नाव, कलाकार, लेबल, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. नव्या बँडनी हा क्रमांक घेतलेलाच नसतो किंवा फाइलमध्ये भरलेला नसतो. मग पैसे वाटेतच अडकतात. चांगला निवेदक गाणं लावण्याआधी बँडला तेवढं विचारतो. प्लेलिस्टचं यंत्र विचारणार नाही.

मोठ्या केंद्रांनी दार बंद केलं तरी वाटा आहेत. २००४ च्या सरकारी आदेशानंतर ब्रिटनमध्ये सामुदायिक रेडिओ आला. ग्लासगोत सनी गोवन, विद्यापीठातलं सबसिटी, सेल्टिक म्युझिक रेडिओ अशी केंद्रं त्यातूनच किंवा त्याच्या आगेमागे उभी राहिली. एफएमवर बहुधा २५ वॉटच्या आसपासची ताकद, पाचेक किलोमीटरचा टापू, बाकी इंटरनेटवर. नव्या माणसाला तासाची जुळणी शिकायला याहून चांगली शाळा नाही. अबर्डीनच्या तेलक्षेत्रात किंवा एडिंबराच्या बँकांत काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येईल. गावांची नावं नीट उच्चारायला शिकलात तर लोक तुम्हाला आपलं मानतील. मात्र या केंद्रांकडे बोट दाखवून राष्ट्रीय केंद्राने आपली जबाबदारी झटकू नये. पाच किलोमीटरच्या रेडिओने स्काय बेटावरचा श्रोता गाठता येत नाही.

एक शेवटची, अगदी व्यवहारातली गोष्ट. तास संपताना बातम्या ठोक वेळेला येतात, त्यांना थांबवता येत नाही. त्यामुळे शेवटच्या गाण्याचा हिशेब उलटा करायचा: बातम्या नऊला, गाणं चार मिनिटांचं, तर ते आठ-छप्पनला सुरू व्हायलाच हवं. प्रत्यक्षात बोलणं लांबतं, वीस-तीस सेकंद पुढेमागे होतात आणि शेवटचं गाणं मधेच विरवावं लागतं. म्हणून शेवटच्या जागी नव्या कलाकाराचं गाणं कधीही ठेवू नये. तिथे प्रोक्लेमर्सचं '५०० माइल्स' ठेवावं. ते अर्ध्यावर विरलं तरी उरलेलं अख्खा स्कॉटलंड पाठ म्हणतो. डंडीच्या त्या मुलीचं गाणं आठ-पस्तीसला लावावं आणि शेवटचा सूर विरेपर्यंत त्यावर एक अक्षरही बोलू नये.